तासांची वही



संयोजकांनी सांगितलं, प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल थोडं बोलायचं. माझं काम सॉफ्टवेअरचं. ते सगळं सांगत बसले तर जेवणाची वेळ टळेल. म्हणून रोजच्या वापरातल्या एका लहानशा साधनाबद्दलच बोलते.

आपल्याकडे 'तास' या शब्दाचे तीन अर्थ. घड्याळाचा तास, शाळेतला गणिताचा तास आणि शेतातलं औताचं तास. देवणी बैलांच्या जोडीमागे दिवसभर चाललेल्या माणसाने संध्याकाळी मागे वळून पाहिलं, की दिवस कुठे गेला ते त्याला दिसतं. शाळेत घंटा सांगते. आमच्या कामात या दोन्हीची सोय नाही. कधी कधी दिवसभर बसून कालच्या प्रोग्रॅममधल्या दहा ओळी कमी होतात, आणि तेच त्या दिवसाचं चांगलं काम असतं. मग वेळ कुठे गेला, हे कळायचं कसं?

त्यासाठी मी टाइमवॉरियर नावाचं साधन वापरते. ते २०१६ साली आलं. फुकट आहे आणि त्याचा कोड कुणालाही वाचता येतो. त्याला चित्रं नाहीत, बटणं नाहीत. फळ्यावर लिहावं तशी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आज्ञा लिहायची. याला कमांड लाइन म्हणतात. काम सुरू करताना 'स्टार्ट' आणि कामाचं नाव, थांबताना 'स्टॉप'. आठवड्याची 'समरी' मागितली की हिशेब समोर.

गंमत म्हणजे मधल्या वेळात ते काहीच करत नसतं. सुरुवातीची वेळ माझ्याच संगणकावरच्या एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवतं, शेवटची वेळ मिळाली की वजाबाकी करतं. प्राथमिक शाळेत गुरुजींनी शिकवलेली तास-मिनिटांची वजाबाकीच ती! वेळ लिहिली जाते जागतिक प्रमाणवेळेत. आपले सकाळचे दहा वाजले की फाइलमध्ये साडेचार पडतात, आणि मला दाखवताना पुन्हा दहा दिसतात. लातूरला नोंद केली काय नि अमेरिकेत केली काय, हिशेब चुकत नाही.

या वहीने मला दाखवलं, की नवं लिहिण्यापेक्षा आधी कुणीतरी लिहिलेलं समजून घेण्यातच माझा जास्त वेळ जातो. आता कुणी विचारलं, 'किती दिवस लागतील?', तर मागच्या नोंदी पाहून सांगते.

वाकाटाइमसारखी दुसरी साधनंही आहेत. प्रोग्रॅम लिहिताना होणाऱ्या हालचालींवरून ती आपोआप वेळ मोजतात आणि नोंद त्यांच्या सर्व्हरवर पाठवतात. सोयीचं आहे. पण आमचं निम्मं काम हात बांधून विचार करण्याचं. भाजी निवडताना सुटलेलं कोडं त्या मोजणीत येत नाही.

एका कंपनीत असताना एक प्रकार पाहिला. तिथे नोंदवलेल्या तासांवरून माणसांची क्रमवारी लावायला सुरुवात झाली. महिन्याभरात सगळ्यांचे तास वाढले, काम होतं तेवढंच राहिलं. लोक जेवायला जातानाही घड्याळ चालू ठेवू लागले. स्वतःसाठी लिहिलेली वही साहेबाच्या टेबलावर गेली की तिची हजेरी होते, आणि हजेरीत कुणी मनातलं लिहीत नाही. म्हणून माझी वही मी माझ्याजवळच ठेवते.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं, ते. मघाशी ओळख करून देताना आपल्या कितीतरी मैत्रिणी म्हणाल्या, 'मी काही करत नाही, घरीच असते.' राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर लोकांच्या चोवीस तासांची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं गेलेले आढळले. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे ९७. बायांनो, २९९ मिनिटं म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. शाळेचे किती तास झाले, मोजा! आणि यात लेकरांना, म्हाताऱ्यांना सांभाळणं धरलेलंच नाही, ते वेगळं मोजलंय.

मीही पंधरा दिवस माझ्या वहीत 'स्वयंपाक', 'आईचं औषधपाणी', 'मुलाचा अभ्यास' अशी नावं घातली. काम कमी झालं नाही. पण घरात तो कागद सगळ्यांनी वाचला, आणि दुसऱ्या आठवड्यापासून रात्रीची भांडी माझ्याकडून गेली.

तुम्हाला संगणक लागणार नाही. चाळीस पानी वही आणि भिंतीवरचं घड्याळ पुरे. आठ दिवस लिहा. कुणाला दाखवायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण पुढच्या मेळाव्यात 'मी काही करत नाही' हे वाक्य कुणाच्या तोंडी येऊ नये, एवढीच विनंती.

सर, बाई, तुम्ही तासाला बोलू दिलं नाहीत, आज ऐकून घेतलंत.