तगर ते बार्शी : सरहद्दीवरची व्यापारी वाट



मराठवाडा हा पूर्वापार मागासलेला प्रदेश, असे सरसकट म्हटले जाते. व्यापाराचा इतिहास वेगळी साक्ष देतो. लातूरच्या पश्चिमेस तेरणाकाठी वसलेले तेर हेच प्राचीन तगर होय, हे फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या आणि तेथून तगर दहा दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे. पैठणचे अकीक, तगरचे जाडेभरडे कापड आणि नाना प्रकारची मलमल गाड्यांत भरून, रस्ता नसलेल्या अफाट मुलखातून भडोच बंदरी जाई. तेर येथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपे येथील मूर्तीशी मिळतीजुळती आहे. त्या काळच्या दूरवरच्या संबंधांची ती बोलकी खूण होय.

येथे एक प्रश्न उभा राहतो. कल्याण बंदर जवळ असता माल एवढ्या दूर भडोचला का जावा? त्याचे उत्तरही त्याच ग्रंथात मिळते. कल्याणचा व्यापार त्या सुमारास अडविला गेला होता आणि तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या संघर्षात सीमा सरकली की व्यापाराची वाटही वळे. लांबलेल्या वाटेचा खर्च मात्र मालावरच चढे.

हाच अनुभव अलीकडच्या काळातही आला. लातूर निजामाच्या राज्यात आणि बार्शीची पेठ ब्रिटिश मुलखात होती. लातूरकडील कापूस व तेलबिया बैलगाड्यांनी बार्शीस जात, तर तयार माल उलट वाटेने येई. मध्ये करोडगिरीचे नाके असत. तेथे भरलेली जकात व्यापारी भावात धरी. अखेरीस ती शेतकऱ्याच्या मापातून आणि गिऱ्हाइकाच्या गजातूनच वसूल होई. सरहद्द नकाशावर असली, तरी तिचा भार घराघरांत पोहोचत असे.

बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. अडीच फुटी रुळांच्या या गाडीने गाडीवाटेचे महत्त्व कमी केले आणि लातूरची पेठ वाढविली. नांदेडला १९०० च्या सुमारास मनमाडकडे जाणारी गोदावरी खोऱ्यातील रेल्वे मिळाल्याने तेथील मालाचे तोंड दुसरीकडे वळले. शेजारच्या दोन पेठा अशा दोन दिशांना बांधल्या गेल्या. १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले. राजकीय सीमा गेली, पण दळणवळणाची उणीव चटकन भरून निघाली नाही.

वाट ही केवळ नफ्याची बाब नव्हे, याचे प्रत्यंतर २०१६ च्या दुष्काळात आले. मिरजेहून पाण्याची गाडी कुर्डुवाडीमार्गे लातूरला पोहोचली. ज्या दिशेने शतकभर या भूमीचा कापूस बाहेर गेला, त्याच दिशेने तहानलेल्या शहराकडे पाणी आले.

व्यापारी वाटा बदलल्या आणि तगरचे तेर हे लहान गाव उरले. नांदेड-लातूरच्या पेठांनी यातून एवढा बोध घ्यावा, की पेठेचे भवितव्य केवळ गादीवर बसून राखता येत नाही. वाट खुली राहावी आणि तिचा लाभ माल पिकविणाऱ्यापर्यंत पोहोचावा, यासाठी सतत जागरूक राहावे लागते.