मस्टरवर नाव कुणाचं?

(कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरम् इथे, महाराष्ट्रातून अभ्यासदौऱ्यावर आलेल्या विद्यार्थ्यांपुढे केलेलं भाषण)



काल इथल्या विठ्ठल मंदिरात मराठी अभंग ऐकून तुमच्यातले बरेच जण हरखले. तंजावरला १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं, त्यामुळे मराठी इथे पाहुणी नाही. पण आपण आलोय रेशमासाठी. उद्या तिरुभुवनमला मागावरची साडी बघाल, तेव्हा तिच्यातला धागा कुठून आला तेही विचारा.

काही कर्नाटकातून येतो, काही चीनमधून. चिनी कच्च्या रेशमावर सरकारने २००३ मध्ये अँटी-डम्पिंग शुल्क लावलं. मग २०११ च्या अर्थसंकल्पात कच्च्या रेशमावरचं आयात शुल्क ३० टक्क्यांवरून थेट ५ टक्क्यांवर आणलं. कर्नाटकात रामनगरच्या बाजारात कोषांचे भाव कोसळले, शेतकरी रस्त्यावर आले. २०१३ मध्ये शुल्क पुन्हा १५ टक्के केलं. स्वस्त धागा विणकराला हवा असतो, तोच धागा काढणाऱ्याच्या पोटावर येतो. त्यामुळे ‘आयातीचा फटका’ असं मोघम लिहू नका. फटका कुणाला, ते लिहा.

शेतकऱ्यांचा निदान मोर्चा तरी दिसला. गरम पाण्यात हात घालून कोषांतून धागा काढणारे कोण होते? ह्युमन राइट्स वॉचने २००३ मध्ये रेशीम धंद्यातल्या वेठबिगार मुलांवर अहवाल काढला. त्यात कर्नाटक आहे, उत्तर प्रदेश आहे, तमिळनाडूही आहे. आणि मुलं मोठ्या प्रमाणावर दलित आणि मुस्लीम आहेत. शुल्क घटलं, धागा काढायचं काम थांबलं, तर या माणसांना सरकार काय देतं?

अमेरिकेने १९६२ मध्ये असा कायदा केला की आयातीमुळे काम गेलं हे ठरलं तर कामगाराला भत्ता आणि प्रशिक्षण मिळावं. १ जुलै २०२२ पासून तिथेही नवे अर्ज घेणं थांबलं. आपल्याकडे हा प्रश्न विचारणारा वेगळा कायदाच झाला नाही. त्याच्या जवळचं जे आहे, ते बघायला मुंबईच्या गिरण्यांकडे जावं लागतं. त्या काही आयातीने बुडाल्या नाहीत; १९८२ चा संप, यंत्रमाग, जमिनीचे भाव ही तिथली कारणं. पण काम गेलेल्या कामगाराला मदत देताना सरकार काय तपासतं, ते तिथे स्वच्छ दिसतं.

१५ सप्टेंबर १९८६ पासून केंद्राची वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. अटी अशा: गिरणी कायमची बंद झालेली हवी, तीही कायद्याच्या रीतीने, आणि बंद होताना कामगाराची सलग पाच वर्षं नोकरी हवी. भोंगा वाजायचा थांबला, गेटला कुलूप लागलं, पण कागदावर बंद नाही, तर भत्ता नाही. माझे आजोबा याच फटीत अडकले. ते रिंग खात्यात होते. त्यांची गिरणी बरीच वर्षं ना चालू ना बंद अशी राहिली. आजीने पोळपाट-लाटण्यावर घर चालवलं, खानावळीचे डबे केले. आमच्या घरात ‘पुनर्वसन’ हा शब्द कुणी वापरत नाही.

आता त्या ७५ टक्क्यांकडे पुन्हा बघा. पंचाहत्तर टक्के कशाचे? शेवटच्या पगाराचे. आणि पगार कशावर ठरायचा? खात्यावर. गिरणीत जास्त मजुरी साचा खात्यात, म्हणजे विणाईत. तिथे अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातल्या कांडीचा धागा तोंडाने ओढून काढावा लागे आणि इतरांना त्या थुंकीचा विटाळ व्हायचा. आपली माणसं कमी मजुरीच्या रिंग खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संप समितीपुढे ठेवला, तेव्हा तो मागण्यांच्या यादीत घ्यायलाही पुढारी नाखूश होते. लाल बावट्याच्या इतिहासात हे पान सहसा घाईने उलटलं जातं. पुढे ही भिंत झिजली हे खरं. पण एका खात्यात हजार आणि दुसऱ्यात सहाशे मिळत असतील, तर भत्ता साडेसातशे आणि साडेचारशे होतो. योजनेच्या नियमांना जात माहीत असायची गरज नव्हती, पगारपत्रक पुरेसं होतं. आणि रोज सकाळी गेटवर उभ्या राहणाऱ्या बदली कामगाराने सलग पाच वर्षं दाखवायची कुठून?

ही योजना २०१७ मध्ये राज्य विमा महामंडळाच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन झाली. तिथे आधी विम्याचा हप्ता भरलेला हवा. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधी आहे. मालकाने शेवटच्या पगाराच्या हिशेबाने १५ दिवसांची मजुरी त्यात भरायची. पुन्हा शेवटचा पगार, पुन्हा मस्टर. उकळत्या कढईशी बसलेल्या बाईचं नाव ज्या मस्टरवर नाही, तिथून तिची कपातही होत नाही.

उद्या सोसायटीत गेलात की सभासदांची वही दाखवायची विनंती करा. मागाचे मालक कोण आहेत ते टिपून घ्या. मग ताणा लावणारे, धागा रंगवणारे, कांड्या भरणाऱ्या बायका यांच्याशी बोला, शक्यतो त्यांच्या वस्तीत जाऊन. शेवटचं काम कधी थांबलं होतं आणि त्या दिवसांत उधार कुणाकडून आणलं, एवढं विचारा. दुभाषी म्हणून विणकराच्या घरातला माणूस घेऊ नका.