प्रतिद्रव्य खाली पडते की वर जाते?

आइनस्टाइनच्या १९१५च्या सिद्धांतानुसार गुरुत्वाकर्षण म्हणजे ओढ नव्हे, अवकाशकाळाची वक्रता. पृथ्वीजवळ ही वक्रता मुख्यतः काळाची असते. उंचावर काळ किंचित वेगाने सरतो. जीपीएस उपग्रहांवरचे घड्याळ त्यामुळे दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते. उपग्रहाच्या वेगापोटी ७ वजा होतात, उरतात ३८. ही दुरुस्ती केली नाही, तर मोबाइलवरचा नकाशा दिवसभरात काही किलोमीटर चुकेल.

मग वक्रता उलटी करून वस्तू वर ढकलता येईल का? त्यासाठी ऋण वस्तुमान लागते. भौतिकशास्त्रज्ञ हर्मन बाँडी यांनी १९५७ मध्ये त्याचे गणित मांडले. निष्कर्ष चमत्कारिक होता: ऋण वस्तुमानाचा गोळा पृथ्वीवर सोडला, तर तोही खालीच पडेल! शेजारी तेवढेच धन वस्तुमान ठेवले, तर ते पुढे पळेल आणि ऋण त्याच्या मागे लागेल. असा पदार्थ अद्याप सापडलेला नाही.

प्रतिद्रव्य म्हणजे नेहमीच्या द्रव्याची उलट विद्युतभाराची जोडी; त्याचे वस्तुमान मात्र धनच. ते तरी वर जाईल का, याची परीक्षा जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत झाली. अल्फा-जी प्रयोगात चुंबकीय सापळ्यातले प्रतिहायड्रोजनचे अणू उभ्या नळीत हळूहळू मोकळे केले. २०२३च्या निकालानुसार बहुतेक, म्हणजे सुमारे ८० टक्के, खालच्या टोकाने बाहेर पडले.

प्रतिकर्षणाचा खरा पुरावा आहे तो विश्वाच्या पसाऱ्यात. विश्वाचे प्रसरण वेग घेत असल्याचे १९९८ मध्ये दिसले. त्यामागच्या कृष्ण ऊर्जेचा दाब ऋण आहे, म्हणून ती प्रतिकर्षण करते; पण दीर्घिकांच्या आत तिचा प्रभाव नगण्य ठरतो.