कोयता आणि कूस



माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे जे काही शिकलो ते उसाच्या फडात आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा वैद्यकशास्त्रावर मी बोलणार नाही. मजुरीच्या हिशेबावर बोलेन. पण तो हिशेब शेवटी बाईच्या पोटापर्यंत जातो.

कारखान्यांचे पट्टे पडले, धारूर-वडवणी-पाटोद्याकडच्या टोळ्या गावी परतल्या. त्यांचा हिशेब माणसावर नसतो, कोयत्यावर असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम हंगामापूर्वी कोयत्याला उचल देतो आणि ती तोडणीच्या मजुरीतून फेडायची असते. दोघांपैकी एक जण एक दिवस आडवा झाला की तो खाडा. खाड्याचा दंड पुष्कळदा दिवसाच्या कमाईहून जास्त असतो.

आता बाईचा दिवस पाहा. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापायच्या, उजाडायच्या आत फडावर जायचे, दिवसभर मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढवायच्या. रात्री गाडी आली तर रात्रीही भरायची. कोपीला मोरी नाही, संडास नाही. पाळीच्या दिवसांत एकच कापड धुवायचे आणि आडोशाला अर्धवट वाळवायचे. बाळंतपणानंतर अंग भरून येण्याआधीच डोक्यावर मोळी येते. मग अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, कुणाचे अंग बाहेर येते.

यांतली बरीच दुखणी गोळ्यांनी बरी होतात. पण गोळ्या घ्यायच्या तर पुन्हा पुन्हा दवाखान्यात जावे लागते, आणि प्रत्येक फेरी म्हणजे खाडा. त्यापेक्षा एकदाच पिशवी काढली तर पाळीची कटकट गेली, खाडाही गेला! त्यात कुणी कॅन्सरची भीती घातली की विचार करायला वेळच उरत नाही. शस्त्रक्रियेचा पैसा पुढच्या उचलीतून येतो, म्हणजे पुढचा हंगामही बांधला गेला. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली, तर तिशीतल्या बाईला म्हातारपणाची दुखणी लागतात, हाडे ठिसूळ होतात, आणि तीच बाई दिवाळीनंतर पुन्हा मोळी उचलते.

हे ऐकीव नाही. 2019 साली वर्तमानपत्रांतून बोभाटा झाल्यावर नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. आपल्या जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतील 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा बायकांत एक. त्याआधीच्या, 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत 15 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांमागे हे प्रमाण तिनाच्या आसपास होते. खासगी रुग्णालयांनी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीविना ही शस्त्रक्रिया करू नये, असा बंदोबस्तही झाला. बरे झाले. पण परवानगीने डॉक्टरला लगाम बसतो, खाड्याला नाही.

डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाईच्या श्रमाचा फायदा मालकाला मिळतो, तेव्हा तिच्या विश्रांतीचा भार काही अंशी त्यानेही सोसावा, असा त्यांचा मुद्दा होता. 1929 साली तो कायदा झाला. गिरणीतल्या बाईला मालक दाखवता येत होता. फडातल्या बाईचा मालक कोण? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम नवऱ्याकडे.

आणि आम्ही संघटनावाले? मी वीस वर्षे टनाच्या दरासाठी भांडलो. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, तेव्हा गुलाल उधळला. या वीस वर्षांत कोपीवर किती रात्री चहा प्यालो असेन; चहा करणारीला तिची तब्येत मी विचारली नाही. बाईमाणसाला कसे विचारायचे, ही माझी लाज होती. तिची लाज मात्र मी गृहीत धरली होती.

आमच्या सभासदवहीत कोयता एक आणि नाव नवऱ्याचे असे. गेल्या हंगामापासून दोन नावे लिहितो, आणि बाईच्या नावापुढे तिचे खाडे वेगळे टिपतो, कारणासह. पहिल्याच कोपीवर एका बाईने विचारले, "दादा, पाळीचं कारण लिहिलं तर दंड डबल होईल का?" तिला तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिचे कारण आम्ही लिहून घेतले आहे.