कोलेस्टेरॉलची गोळी आणखी काय करते?

परवा एक काका तपासणीला आले. दोन वर्षांपूर्वी त्यांना स्टेंट बसवलेली. पिशवीतून रिपोर्ट काढून माझ्यापुढे ठेवत म्हणाले, "डॉक्टर, कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं. गोळी बंद केली मी." रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळेच, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि ती गोळी फक्त आकडा उतरवत होती, असंही नाही. ही गोळी स्टॅटिन गटातली.

कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध शोधताना जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी सहा हजारांवर बुरशा तपासल्या. १९७३ साली तांदळावरच्या निळसर बुरशीत त्यांना पहिलं स्टॅटिन मिळालं. बुरशीला आपल्या कोलेस्टेरॉलशी काय देणंघेणं? एंडोंचा कयास असा, की शेजारच्या सूक्ष्मजीवांची वाढ रोखायला बुरशी असं काहीतरी तयार करत असावी. स्टॅटिन अडवतं ते मेव्हॅलोनेट नावाच्या द्रव्याची निर्मिती. त्यापासून कोलेस्टेरॉल बनतं, तसे पेशींना लागणारे इतरही पदार्थ बनतात. त्यांतले काही कमी झाले की रक्तवाहिनीच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड जास्त तयार होतो आणि वाहिनी सैलावते. दाह उतरतो. वाहिनीत साचलेल्या चरबीवरचं पातळ आवरण घट्ट होतं. हे आवरण फाटून त्यावर रक्ताची गुठळी धरली, की पुष्कळदा हार्ट अटॅक येतो.

२००८ साली ज्युपिटर नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १७,८०२ माणसं होती. त्यांचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १३० च्या आत होतं, मात्र दाह दाखवणारं सीआरपीचं प्रमाण वाढलेलं. रोसुव्हास्टॅटिन हे स्टॅटिन घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, पक्षाघात असे प्रकार ४४ टक्क्यांनी कमी झाले. पण त्यांचं एलडीएलही निम्म्यावर आलं होतं. त्यामुळे सगळं श्रेय दाह उतरण्याला देता येत नाही. मला विचाराल तर मोठा वाटा एलडीएल उतरण्याचाच. स्मृतिभ्रंशावर हीच गोळी चालेल अशी आशा होती, तीही चाचण्यांत टिकली नाही.

गोळीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रक्तातली साखर थोडी वाढू शकते. २५५ जणांनी चार वर्षं गोळी घेतली, तर त्यांतल्या एखाद्याला गोळीमुळे मधुमेह होतो, असा हिशेब आहे. तो मधुमेह बहुधा आधीच उंबरठ्यावर असलेल्याला होतो. म्हणून साखर तपासत राहायची.

आणि अंगदुखी! इंग्लंडमध्ये त्रासामुळे गोळी सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने हुबेहूब दिसणारी नकली गोळी दिली, काही महिने काहीच दिलं नाही. खऱ्या गोळीने जेवढा त्रास वाढला, त्यातला नव्वद टक्के नकली गोळीनेही वाढला. तो त्रास खोटा नव्हता, माणसाला दुखत होतंच. पण त्याला कारण बहुतांशी मनातली धास्ती होती, औषध नव्हे.

स्नायूंना खरोखर इजा क्वचितच होते. मात्र अंग खूप दुखून लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. एरवी आकडा उतरला म्हणून किंवा शेजाऱ्याने सांगितलं म्हणून गोळी परस्पर सोडू नका. आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.