धर्माच्या गाईचे दात



राजूरला व्याख्यान द्यायचे ठरले तेव्हा एका स्नेह्याने मला बजावले होते, "तिथे उगाच अलंकारिक बोलू नका. कोळसा आणि चुना ह्यांवर ज्या गावाने आपले पोट भरले, त्याला फुलोऱ्याची भाषा लवकर कंटाळा आणते." सल्ला मोलाचा आहे. शिवाय वैशाखातली रात्र आहे, दिवसभराच्या उन्हाने आपण शिणलेले आहात. तेव्हा जे सांगायचे ते सरळच सांगतो.

विषय आहे परदेशी ख्रिस्ती मिशनांनी आपल्याकडच्या गोरगरिबांसाठी केलेल्या कामाचा. ह्या विषयावर सहसा दोन प्रकारची भाषणे होतात. एका प्रकारात प्रत्येक मिशनरी देवदूत असतो, दुसऱ्यात तो कपटी असतो. दोन्ही भाषणे सोपी आहेत, कारण दोन्हींत विचार करावा लागत नाही. आपल्याकडे म्हण आहे, "धर्माची गाय आणि दात का ग नाय?" फुकट मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत, असा तिचा अर्थ. मी आज हा अविनय करणार आहे. गाय तर आलीच होती, ती दूधही देत होती. पण तिचे दात मोजण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे की नाही, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

आधी गाय आली कशी ते पाहू. १८९६-९७ आणि १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांनी पश्चिम आणि मध्य भारत होरपळून निघाला. आपला वऱ्हाडही त्यातून सुटला नाही. सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांच्या रांगा लागल्या. त्यांतून जे उरले ते रस्त्यावर आले, आणि रस्त्यावर आले त्यांत मुले फार होती. ही बातमी अमेरिकेत पोचली तेव्हा न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' ह्या साप्ताहिकाने आपल्या वाचकांकडे हात पसरला. वर्गणी जमली, धान्य जमले, आणि १९०० च्या मे महिन्यात 'क्वीटो' नावाचे जहाज सुमारे पाच हजार टन मका घेऊन मुंबईकडे निघाले. जहाजाचे भाडे अमेरिकन सरकारने भरले. इकडे मदतवाटपाची धुरा नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. रॉबर्ट ह्यूम ह्यांनी वाहिली.

हे ह्यूम मुंबईतच १८४७ साली जन्मलेले, मिशनऱ्याचे पुत्र. त्यांचे मिशन तर १८१३ पासून मुंबईत होते. म्हणजे मका परका असला तरी तो वाटणारा हात आपल्या मातीला अगदीच अनोळखी नव्हता. आणि त्या मक्याला पैसा देणारे कोण? ज्यांनी नगर किंवा वऱ्हाड नकाशावरही पाहिले नव्हते, अशी साधी माणसे. त्यांच्या दयेत खोट काढणारा मी कोण? पाच हजार टन मक्यापुढे आधी मान लवली पाहिजे. मग बोलायचे ते बोलावे.

मात्र दुष्काळात अन्न घेतलेल्या कित्येक घरांनी पुढे बाप्तिस्मा घेतला, आणि अनाथालयात आलेली मुले तर त्याच धर्मात वाढली. "पोटासाठी बाटला" हा टोमणा तेव्हापासून गावोगाव ऐकू येऊ लागला. टोमणा मारणाऱ्याला मी एकच विचारतो: ज्या पाणवठ्यावर त्या महारा-मांगाला पाय ठेवू दिला नाही, तो पाणवठा कोणाचा होता? ज्याच्या पोटाची आपण कधी चौकशी केली नाही, त्याने ते कोठे भरले ह्याची चौकशी करण्याचा अधिकार आपल्याला कोठून आला? पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. उपाशी माणसाची मान आधीच खाली झुकलेली असते. त्या झुकलेल्या मानेवर पाणी शिंपडले, तर ते त्याच्या संमतीने शिंपडले असे छातीठोकपणे कोणी म्हणावे? देणाऱ्याचा हेतू शुद्ध असला तरी घेणाऱ्याचे मन त्या घटकेला मोकळे नसते. हा गाईचा पहिला दात.

दुसऱ्या दातासाठी पंडिता रमाबाईंकडे चला. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या भटकंतीत, उपासमारीने, ह्या मुलीचे वडील गेले, पाठोपाठ आई गेली, बहीण गेली. पुढे ती विदुषी म्हणून कलकत्त्यात गाजली, इंग्लंडला गेली आणि १८८३ साली तिने तेथे ख्रिस्ती धर्म स्वीकारला. अमेरिकेत तिने व्याख्याने दिली, तेव्हा १८८७ साली बोस्टनला तिच्या नावाची संस्था निघाली. त्या संस्थेने दहा वर्षे पैसा पुरवण्याचे पत्करले. त्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. शर्त अशी होती की कोणाच्या धर्मात हात घालायचा नाही. गोदूबाई ही तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी. १८९३ साली त्याच ११ मार्चला तिचा धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी पुनर्विवाह झाला. बोस्टनच्या डॉलरचे व्याज असे महाराष्ट्राच्या घरात जमा झाले!

पण त्याच वर्षी वादळ उठले. रमाबाई पहाटे प्रार्थनेला बसत तेव्हा खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली तेथे जाऊन बसत. दार बंद ठेवा, असे सल्लागारांचे म्हणणे. माझ्या घरात माझ्या प्रार्थनेचे दार मी का लावू, असे बाईंचे म्हणणे. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर ह्यांनी अंग काढून घेतले, पालकांनी मुली नेल्या. ह्या भांडणात कोणाचे बरोबर, ह्याचा निकाल मी आज देत नाही. माझे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे जाते. उघड्या दाराबद्दल पुण्यात रान उठले. पण त्या दारातून परत नेलेल्या विधवा मुलींचे पुढे काय झाले, ह्याबद्दल तेवढे रान उठल्याचे दिसत नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात हीच बाई मध्यप्रांतात गेली आणि उपाशी मुली गोळा करून तिने केडगावला नेल्या. तिथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या आसपास तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती. ही संस्था उघड ख्रिस्ती होती. आता शर्तीचा पडदा उरला नव्हता. पण त्या मुली नुसत्या पोसल्या जात नव्हत्या. त्या विणत होत्या, शेत करत होत्या, छापखान्यात खिळे जुळवत होत्या. परदेशातून आलेल्या पैशाचे हातातले कसब झाले की तो पैसा परदेशी उरत नाही. म्हणून दुसरा दात मोजायचा तो असा: दान घेऊन माणूस उभा राहिला, की पुढच्या दानाची वाट पाहत बसला?

तिसरा दात दाखवला तो एका मराठी ख्रिस्ती कवीने. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि नगरच्या मिशनात काम करू लागले. मराठी ख्रिस्ती माणसाने अभंगात प्रार्थना करावी, कीर्तनात देव आळवावा, हा त्यांचा ध्यास. पण ज्याच्या हाती पगार, त्याच्या हाती शेवटचा शब्द, हे त्यांना वर्षानुवर्षे सलत होते. १९१७ साली त्यांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडले आणि 'देवाचा दरबार' मांडला. उतारवयात, प्रकृती साथ देत नसताना, घेतलेला हा निर्णय आहे. दोनच वर्षांनी, १९१९ साली, ते गेले. त्याआधी, १९०५ च्या नाताळात, श्रीरामपूरला (बंगालमधल्या) भारतीय ख्रिस्ती लोकांनी नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापली. माणसे भारतीय, पैसा भारतीय, कारभार भारतीय, हे तिचे ब्रीद. म्हणजे मिशनच्या पैशावर पहिला कडक आक्षेप मिशनच्याच लेकरांनी घेतला. हिशेबाची वही कोणाच्या हाती, हा तो तिसरा दात.

आता आपल्या दारात येऊ. यवतमाळात फ्री मेथॉडिस्ट मिशनने बस्तान बसवले, त्यालाही शंभरावर वर्षे लोटली. यवतमाळचे धर्मशिक्षणाचे विद्यालय १९५३ साली निघाले. तीस वर्षांनी, १९८३ साली, ते पुण्याला गेले. आपला जिल्हा १९५६ पर्यंत मध्यप्रदेशात होता. त्या सरकारने १९५४ साली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी ह्यांची समिती नेमली. वर्ध्याचे प्रा. एस. के. जॉर्ज हे गांधीविचाराचे ख्रिस्ती गृहस्थही तिचे सभासद होते. १९५६ साली अहवाल आला. शाळा, दवाखाने, अनाथालये ह्यांचा धर्मांतरासाठी उपयोग होतो, असा त्याचा ठपका. हा अहवाल एकतर्फी आहे, असा ख्रिस्ती समाजाचा रोष. तो वाद आजही शमलेला नाही.

पण त्याच वर्षीची पुढची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो माणसांसह बौद्ध धर्म स्वीकारला. त्या वेळी दीक्षा घेणाऱ्यांत हे न्यायमूर्ती नियोगीही होते. धर्मांतराची चौकशी करणाऱ्याने स्वतः धर्मांतर केले! ह्यात विसंगती पाहणाऱ्याने खुशाल पाहावी. मला त्यात एक खूण दिसते. त्या दिवशी नागपूरला लोटलेल्या माणसांना कोणी मका वाटला नव्हता. ती पदरमोड करून आली होती. आणि बाबासाहेबांनी त्यांना दिले काय? उलट मागितले: मिळकतीचा विसावा हिस्सा धर्मकार्यासाठी द्या. ज्याच्याजवळ काही नाही, त्याच्याकडे मागणे म्हणजे तोही दाता होऊ शकतो असे त्याला सांगणे. आजच्या सभेत त्या पिढीची नातवंडे बसलेली असतील. त्यांना मी ह्याहून अधिक काय सांगू?

शेवटचे उदाहरण वर्धा नदीच्या पलीकडचे. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी १९५१ साली सहा कुष्ठरोग्यांना घेऊन आनंदवन सुरू केले. भीक नको, काम हवे, हा त्यांचा हट्ट. त्या पहिल्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे तरुण स्वयंसेवक परदेशांतून आले. त्यांनी खोरे-फावडे हाती घेऊन इमारती उभ्या केल्या, आणि रोग्यांनी पिकवलेली भाजी रोग्यांच्या शेजारी बसून खाल्ली. ते पाहून वरोऱ्याच्या लोकांचीही भीती गेली आणि आनंदवनाची भाजी बाजारात विकली जाऊ लागली. परदेशी मदत कशी असावी, ह्याचा इतका सुंदर नमुना मला दुसरा ठाऊक नाही. देणारा वर उभा राहिला नाही. तो शेजारी बसला, जेवला, आणि काम संपल्यावर निघून गेला.

आज परदेशी देणग्यांवर कायद्याचा पहारा आहे. १९७६ चा कायदा गेला, २०१० चा आला, २०२० मध्ये तो आणखी आवळला. सरकारने हिशेब जरूर पाहावा. पण कायदा पैशाची वाट अडवू शकतो, भुकेची अडवू शकत नाही. परदेशी हात मागे घेतला आणि देशी हात पुढे आला नाही, तर मधल्यामध्ये मरतो तो गरीब. परक्याचे दान नको म्हणण्याचा अधिकार फुकट मिळत नाही. तो आपल्या गावातल्या उपाशी माणसाला आपण जेवू घालून मिळवावा लागतो.

राजूर हे बाहेरगावाहून पोटासाठी आलेल्या माणसांनी वाढवलेले गाव आहे. परक्या गावात पहिली भाकर कोणी दिली, हे अशी माणसे जन्मभर विसरत नाहीत. ती भाकर देताना समोरच्याने आपली जात विचारली की नाही, हेही विसरत नाहीत. तेव्हा आजच्या व्याख्यानातून घरी नेण्यासारखे काही असेल तर एवढेच न्यावे: घेताना गाईचे दात मोजायला लाजू नका, आणि देताना आपल्या गाईचे दात मोजणाऱ्यावर रागावू नका.