टेम्प फोल्डर उडवण्याआधी हे ऐका

आजचा भाग क्यूजीआयएस वापरणाऱ्यांसाठी. सिव्हिलचे, भूगोलाचे, ॲग्रीचे विद्यार्थी आणि हौसेनं गावाचा नकाशा करणारे सगळेच. प्रश्न नेहमीचा आहे: "सी ड्राइव्ह लाल झालाय, टेम्प फोल्डर फुगलाय. सगळं उडवू का?"

उडवा, पण त्यात काय आहे ते आधी बघा. नाहीतर जागा मिळेल आणि प्रोजेक्ट जाईल.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०१९ चा महापूर. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. समजा प्रोजेक्टसाठी तुम्हाला महाबळेश्वर ते सांगली कृष्णेचं पाणलोट क्षेत्र काढायचंय. त्यासाठी जमिनीच्या उंचीचा डेटा लागतो. २००० साली एसआरटीएम मोहिमेत अवकाशयानातून रडारनं मोजलेला डेटा फुकट मिळतो. तो एक अंश बाय एक अंश अशा तुकड्यांत येतो. आता गंमत बघा, १७ अक्षांश आणि ७४ रेखांश या रेषा आपल्याच भागात एकमेकींना छेदतात. म्हणून कोयना धरण एका तुकड्यात, कऱ्हाड दुसऱ्यात, सांगली तिसऱ्यात. चौकोन पुरा करायला चौथाही घ्यावा लागतो.

एका तुकड्यात ३६०१ गुणिले ३६०१ ठिपके, म्हणजे साधारण २६ एमबी. चार तुकडे जोडले की १०४. पुढे उतार वगैरे काढताना आकडे दशांशात जातात, तेव्हा तेच २०७ एमबी होतात. जोडणं, कापणं, खड्डे भरणं, प्रवाहाची दिशा काढणं अशी प्रत्येक पायरी नवी फाइल करते. दहा पायऱ्यांत दोन जीबी सहज जातात. जमलं नाही म्हणून परत चालवलं की आणखी दोन.

क्यूजीआयएस नीट बंद केलं की ते आपला पसारा सहसा स्वतःच आवरतं. पण मध्येच क्रॅश झालं, लाइट गेली किंवा तुम्ही टास्क मॅनेजरमधून मारलं, तर फाइली तिथंच राहतात. महिनोन्‌महिने.

मागच्या पावसाळ्यात सांगलीच्या एका मित्राचा फोन आला. "भावा, उद्या सबमिशन आहे, डिस्क फुल. क्लीनअप मारू का?" म्हटलं, "थांब लका, आधी लेयरच्या नावावर माउस ने. खाली पत्ता काय दिसतो?" नऊ लेयरपैकी सात टेम्पमध्ये! प्रोजेक्ट त्यानं रोज सेव्ह केला होता. पण प्रोजेक्ट फाइलमध्ये डेटा नसतो हो, फक्त डेटाचा पत्ता असतो. क्लीनअप मारलं असतं तर पत्ते उरले असते, घरं गेली असती.

गुऱ्हाळावर चिपाडाचा ढीग बघून कुणी कचरा म्हणेल. पण त्याच्यावरच चुलवाण पेटतं. गूळ उतरेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. टेम्पचंही तसंच.

तर क्रम असा ठेवा.

एक, प्रत्येक लेयरचा पत्ता बघा. त्यात टेम्प दिसलं आणि लेयर हवा असेल, तर राइट क्लिक, एक्स्पोर्ट, आणि तुमच्या फोल्डरमध्ये सेव्ह करा.

दोन, प्रोजेक्ट सेव्ह करून क्यूजीआयएसच्या सगळ्या खिडक्या बंद करा. मग विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, दोन टक्केचिन्हांच्या मध्ये टेम्प लिहा, एंटर. नाव 'प्रोसेसिंग'नं सुरू होणारे जुने फोल्डर तारखेनुसार लावून उडवा. विंडोज एखादी फाइल सोडत नसेल तर ती तशीच राहू द्या.

तीन, शेपफाइलच्या सोबतच्या डीबीएफ, एसएचएक्स, पीआरजे या फाइली कचरा समजू नका. त्या सगळ्या मिळून एकच लेयर असतो.

आता पुन्हा ढीग होऊ नये म्हणून. सेटिंग्ज, ऑप्शन्स, प्रोसेसिंग, जनरल इथं तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर बदलता येतो. डी ड्राइव्हवर द्या. तुकडे जोडताना मर्जऐवजी बिल्ड व्हर्च्युअल रास्टर वापरा. ते डेटाची नक्कल करत नाही, मूळ तुकडे कुठं आहेत एवढंच लिहून ठेवतं. मात्र मूळ तुकडे हलवू नका. आणि आधी लागणारा भाग कापा, गणित नंतर.

सगळ्यात महत्त्वाचं, रन दाबण्याआधी स्वतःला विचारा: हा निकाल मला उद्या लागणार आहे का? लागणार असेल तर तिथंच नाव देऊन सेव्ह करा. नसेल तर जाऊ दे टेम्पमध्ये.

कुणाचं सबमिशन जवळ आलं असेल तर हा भाग त्याला आजच पाठवा. भेटू पुढच्या भागात!